आईची डावी पापणी

आई जपानात क्योतोला माझ्याकडे आली तेव्हा मी प्रयोगशाळेत एका फटीवर काम करत होते. मज्जातंतू आणि स्नायू भेटतात तिथली फट. मज्जातंतूतून संदेश विजेच्या रूपानं पळत येतो आणि टोकाशी अडतो. तिथं एक रसायन सुटतं, ते फट ओलांडतं आणि स्नायूला आवळायला सांगतं. हे सगळं मी आईला हातवारे करून समजावलं.

"म्हणजे परवा आपण बॅगा घेऊन गाडी बदलली तसं," आई म्हणाली. "पण एकाच गाडीनं जायला काय होतं त्याला?"

या प्रश्नापायी लोकांची आयुष्यं गेली आहेत, हे मी तिला सांगितलं नाही. तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवायची माझी तयारी नव्हती.

सकाळी आई टवटवीत असायची. सायकली चुकवत भाजीला जायची, कचरा वेगळा करण्यावरून मलाच शिकवायची. संध्याकाळी मात्र तिची डावी पापणी खाली यायची. पोळी चावतानाही ती दमायची आणि अर्धी ताटात ठेवायची. "प्रवासाचा शीण गं," म्हणायची. दोन आठवडे झाले तरी शीण उतरेना. एका आजारात रसायन फट ओलांडून येतं, पण ते घेणाऱ्या स्नायूवरच्या जागा अडलेल्या असतात. असा स्नायू वापरून वापरून दमतो आणि झोपेनंतर सावरतो. मी रोज ज्याच्यावर वाचत होते तेच माझ्यासमोर जेवायला बसत होतं.

एका संध्याकाळी नदीवरून परतताना पापणी जवळजवळ मिटली. मी आईला बाकावर बसवलं. कोपऱ्यावरच्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, थंड कॉफीसाठी बर्फानं भरलेला पेला मिळतो, तो आणला आणि रुमालात बर्फ बांधून तिच्या डोळ्यावर धरला. गारव्यानं ते रसायन लवकर मोडत नाही, फटीत जास्त टिकतं. नुसता शीण असेल तर बर्फानं काही फरक पडायचा नाही. पडू नये, एवढंच मी मनात घोकत होते.

"अगं गार लागतंय. लोक बघताहेत."

"बघू देत. तू गप्प बस."

रुमाल काढला. पापणी वर गेली होती.

मला रडू फुटलं. पुढं डॉक्टरांनी तपासण्या करून तोच आजार सांगितला, गोळ्या सुरू झाल्या, आणि आज ती पुण्यात अख्खी पोळी खाते. पण त्या बाकावर यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

आई दोन्ही डोळे उघडून माझ्याकडे बघत राहिली, मग हसली. "आता परत दोन दिसायला लागलीस. डोळा मिटला होता तोवर एकच होतीस."

"परत? कधीपासून दिसतंय असं?"

"निघायच्या आधीपासून. संध्याकाळचंच. तुला सांगितलं असतं तर येऊ दिलं असतंस का?"

माझे डोळे पुसायला तिनं हात पुढं केला. तो आधी माझ्या कानाशेजारच्या हवेत गेला, मग गालावर आला.

"इतक्या दिवसांनी भेटलीस," ती म्हणाली. "दोन दिसलीस तर तक्रार कसली करायची?"