मुदखेडनंतरचा पहिला घास

आमच्या सकाळच्या पॅसेंजरचा एक कायदा आहे. जो किस्से सांगतो, त्यानं डबा आणायचा नाही. गाडीनं मुदखेड सोडलं की सगळ्यांचे डबे उघडतात. सांगणाऱ्याला खिडकी मिळते आणि प्रत्येक डब्यातला पहिला घास त्याचा. हा कायदा कुणी केला, मला माहीत नाही. माझ्या सोयीचा होता म्हणून मी चौकशीही केली नाही.

उमरीहून नांदेडला, एका कॉलेजच्या ऑफिसात, मी सोळा वर्षं अपडाऊन करतोय. ही सगळी वर्षं खिडकी माझी होती. समोर एक मास्तर बसायचे, शेजारी सरकारी दवाखान्यातल्या नर्सताई, आजूबाजूला आणखी चार-पाच नेहमीचे. मास्तरांच्या डब्यातला शेंगदाण्याचा ठेचा, ताईंच्या डब्यातली अंबाडीची भाजी, असं खात खात मी माझ्या फजित्या सांगायचो. माल भरपूर होता. प्राचार्यांना रेकॉर्डच्या खोलीत कोंडून, किल्ली खिशात घालून मी एकदा उमरीला निघून आलो होतो. तो किस्सा तर मी दर हंगामात एकदा काढायचो.

मग मुदखेडला तो चढायला लागला.

तिशीतला पोरगा, जनावरांच्या दवाखान्यात कामाला. पहिले आठ दिवस गप्प उभा राहायचा. नवव्या दिवशी ताईंनी सहज विचारलं, "काय हो, जनावराचं औषध माणसानं घेतलं तर काय होतं?"

"म्या घेतलंय की," तो म्हणाला. "नायगावकडं एक म्हातारी. म्हैस आजारी. म्या काढा करून दिला, तर म्हणती, आधी तू पी. पिलो अर्धा तांब्या. दुसऱ्या दिवशी म्हैस उभी ऱ्हायली, म्या आडवा झालो."

डबा हसला. आमचा जेवणाचा नाही, अख्खा रेल्वेचा डबा. मीही हसलो, न हसून करतो काय? पण ताईंनी भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर अंबाडी ठेवली आणि हात माझ्या नाकासमोरून त्याच्याकडं नेला. त्या अंबाडीचा वास मला अजून आठवतो.

दुसऱ्या दिवशी मी घाईघाईनं प्राचार्य काढले. "मी दाराला कुलूप लावलं," इथपर्यंत आलो तर मास्तर ठेचा चाटत म्हणाले, "आन् किल्ली खिशात. पुढं?" पुढं काही नव्हतं. सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं. मी उठून त्याला खिडकी दिली. वर म्हणालो, "बसा, मला वारा लागतो." सोळा वर्षं नव्हता लागला.

महिनाभर मी पोटात आग घेऊन प्रवास केला, आणि त्यातली अर्धी साध्या भुकेची होती. डबा आणावा, तर आपण हरलो हे सगळ्यांसमोर कबूल केल्यासारखं. शेवटी एका सकाळी बायकोला म्हणालो, "जरा दोन भाकरी बांधून दे."

"का वो? गाडीतले लोक उपाशी ठिवून राहिले का तुमाला?"

"दुपारला लागतात."

"हाव का," ती म्हणाली. ह्या दोन शब्दांत तिला सगळं कळलेलं असतं.

त्या दिवशी मुदखेडला क्रॉसिंग होती. समोरून येणारी गाडी फलाटाच्या पलीकडच्या बाजूला येऊन उभी राहिली. बरीच रिकामी. मला वाटलं, झकास. "पाय मोकळे करून येतो," असं मास्तरांना सांगून उतरलो, फलाट ओलांडला आणि त्या गाडीत शिरलो. एका बाकावर आडोसा धरून डबा उघडला. चोरून खाल्लेल्या भाकरीची चव काय सांगू! दुसरा घास घेतो न घेतो, तर खिडकीपाशी तोच हजर. दोन्ही हातांत चहाचे कप.

"ओ काका! हितं काय करून राहिले?"

मी डबा मांडीखाली दडवला. आता हा गाडीत जाऊन सांगणार: काका लपून भाकरी खातात! शिवाय 'काका'. मी मान फिरवली. तेवढ्यात पलीकडं आमची गाडी सरकताना दिसली. मला वाटलं, सुटली. सुटू दे म्हटलं, उठायला नको, हा तोंड बघेल. तो खिडकीबरोबर पळत होता, चहा हातावर सांडत होता.

"काका, उतरा! उलटी गाडी हाय! उतरा की वो!"

मी ऐकलं. स्पष्ट ऐकलं. आणि मनात म्हणालो, मला भरल्या तोंडानं फलाटावर उतरवून सगळ्यांना दाखवायचंय ह्याला. मी भाकरीच्या हातानंच त्याला 'जा, जा' असं केलं. तो मागं पडला. मग मास्तरांची खिडकी मागं गेली. मग चहाची टपरीही मागं गेली. टपरीला चाकं नसतात, हे माझ्या ध्यानात येईपर्यंत फलाट संपला होता.

उमरीला उतरून घरी गेलो. बायको अंगणात उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं, डब्याकडं बघितलं. "दुपार लवकर झाली आज," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मागच्या डब्यात बसावं असं मनात होतं, पण ताईंनी हाक मारली. "काल मुदखेडपासून कुठं गायब?" मास्तरांनीही तेच विचारलं. म्हणजे त्यानं सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, थांबलाय, मी समोर असताना सांगणार. माझी ही एवढी ताजी, एवढी मोठी फजिती, आणि ती ह्याच्या तोंडून! मुदखेड येईपर्यंत मी नुसता जळत होतो.

तो चढला. सगळ्यांनी खिडकी मोकळी केली. तो बसला नाही.

"आज माझ्याकडं काई न्हाई," म्हणाला. "आज काकाकडं हाय." आणि मला खिडकी दाखवली.

डबे उघडले. सगळे माझ्याकडं बघायला लागले. सांगायचं तर चोरून नेलेला डबा सांगावा लागणार होता. नाही सांगायचं, तर खिडकी कायमची गेली. मी खिडकीत सरकलो आणि सुरू केलं. टपरीपर्यंत आलो तेव्हा मास्तरांच्या डोळ्यांत पाणी होतं. महिन्यानं मला असं हसू मिळत होतं.

ताईंनीच घोटाळा केला. "पण हे एवढं ओरडून राहिले होते, तरी उतरला का न्हाई तुम्ही?"

इथं काहीतरी बनवून सांगता आलं असतं. मला येतं ते. पण तो समोर उभा होता, आणि त्याच्या मनगटावर चहाचा लाल चट्टा होता.

"ह्यांच्यावर जळत होतो म्हणून," मी म्हणालो. "महिना झाला."

कुणी हसलं नाही. 

"ते दिसलं मला," तो म्हणाला. "पर तुम्ही भाकरी हलवून टाटा केला ना, तवा म्या समजलो, काका भाकरीला माहेरी सोडायला चालले."

असा हशा उठला की पलीकडच्या बाकावरचं लेकरू जागं झालं. माझ्या सगळ्या किश्शापेक्षा मोठा. मला किती लागलं म्हणून सांगू! किस्सा माझा, गाडी मी चुकवलेली, आणि हे वाक्य त्याचं. सोळा वर्षांत असं एक मला सुचलं नव्हतं.

ताईंनी भाकरीचा तुकडा मोडला. माझ्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं, आणि त्याचे दोन केले. मी सरकलो, तो खिडकीच्या उरलेल्या अर्ध्या जागेत टेकला. भाजी तीच, अंबाडीची. मी घास तोंडात टाकला आणि हळूच त्याच्या हाताकडं नजर टाकली.

त्याचा तुकडा मोठा होता.