टेकडीच्या दोन्ही बाजूंना पाच

इर्मिना आमच्या गावची व्हॅन चालवते. डोमिनिका बेटावर क्रिकेटचं मैदान सोडलं तर सपाट असं काही सापडायचं नाही, म्हणून आमच्यात ड्रायव्हरला देवाखालोखाल मान. तिच्या शेजारची सीट माझी, म्हणजे टँटीची; इथे मावशीला टँटी म्हणतात. अळूच्या कंदांची टोपली घेऊन मी रोझो शहराच्या बाजाराला जाते आणि वाटभर बोलते, कारण गप्प बसणं मला जमत नाही.

या इर्मिनाला गणिताचं वेड लागलं होतं. गावच्या शाळेत गणिताला मास्तर नाही. बिचारी पोरं पहाटे उठून तिच्याच व्हॅनमधून, पेंगत, शहरातल्या शाळेत जायची, आणि निम्मी मध्येच शाळा सोडायची. तिला ती मास्तराची जागा हवी होती. त्यासाठी एक परीक्षा होती, आणि तिच्यात ती दोनदा आपटली होती. यंदाची संधी शेवटची.

घोडं अडायचं एकाच ठिकाणी. वक्र रेषा दिलेली असते, तिच्यावरच्या एका बिंदूपाशी चढ किती ते सांगायचं. विकलन करून रेषेच्या सूत्रातून चढाचं सूत्र काढायचं आणि बिंदूची किंमत त्यात घालायची. रोज ऐकून मलासुद्धा पाठ झालं होतं. बाई विकलन सुरेख करायची आणि किंमत मात्र घालायची जुन्याच सूत्रात. मग यायची उंची. ही आमच्या बेटाचीच खोड. इथे कुणाला ‘कुठे आहेस?’ विचारा, तो ‘वर आहे’ नाहीतर ‘खाली आहे’ एवढंच सांगणार.

परीक्षा तोंडावर आलेली. त्या सकाळी गाडी टेकडी चढत होती आणि इर्मिना पुटपुटत होती, “सहा एक्स वजा एक्सचा वर्ग. एक्स एक असताना चढ... पाच. पुन्हा पाच! कालही हेच चुकलं.”

या नादात माथा ओलांडला तरी तिनं गिअर बदलला नाही. गाडी सुसाट निघाली.

“ए बाई, उतार लागला!” मागून फिलबर्ट सुतार ओरडला. “मला बाजारात जायचंय, स्वर्गात नाही!”

तिनं कशीबशी गाडी चर्चपाशी थांबवली. मी टोपली सावरत ओरडले,

“अगं मेले, एकतर गणित सोडव, नाहीतर गाडी चालव!”

ती मागे वळून टेकडीकडे बघत राहिली. “टँटी, पलीकडचा आंब्याचा थांबा उंच की हा?”

“सारखेच. दोन्हीकडून समुद्र तेवढाच खाली दिसतो.”

“मग तिथे मी रेस देते आणि इथे ब्रेक मारते, ते का?”

“तिथे चढ, इथे उतार! हे काय विचारणं झालं?”

तिनं काचेवरच्या धुळीत बोटानं लिहिलं. एक्स एक, उंची पाच. एक्स पाच, तरी उंची पाचच. मग चढाचं सूत्र, सहा वजा दोन एक्स. एकपाशी चार. पाचपाशी उणे चार. माथ्यावर, तीनपाशी, शून्य.

“उंची तीच गं टँटी, पण चढ उलटा! मी आपली उंचीच सांगत बसले!” ती हसायला लागली आणि तिचे डोळे भरून आले.

“झालं ना शिक्षण?” फिलबर्ट म्हणाला. “चला आता, नीट बघून.”

निकाल लागला त्या दिवशी तिनं गाडी बाजूला घेतली आणि फोन माझ्या हातात दिला. तिला वाचायचा धीर नव्हता आणि मला चष्म्याशिवाय दिसत नव्हतं. फिलबर्टनं वाचलं. पास! अख्खी व्हॅन ओरडली. मी रडले, आनंदानं आणि थोडी रागानंही, कारण आता गाडी तिचा भाऊ चालवणार होता, आणि तो वळणावर हॉर्नसुद्धा वाजवत नाही.

गावची शाळा उघडली त्या पहाटे मी नेहमीसारखी पुढे बसले. मागे वळून पाहिलं तर पोरांच्या सीटा रिकाम्या. गावातल्या खिडक्या अंधाऱ्या होत्या आणि पोरं आपापल्या घरी अजून झोपली होती.