पहिली केस ओढ्याची

साखर कारखान्याच्या मळीचं पाणी आमच्या ओढ्यात साचतं, तसे आमच्या क्लासचे किस्से माझ्या डोक्यात साचलेत. उपसायचं कुणी मनावर घेत नाही, म्हणून मीच सांगतो.

श्रीगोंद्यात खताच्या दुकानाच्या माडीवर लॉ सीईटीचा क्लास. मी इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून आलेलो, तबस्सुम आमच्याच गावची. पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, “वकील कशाला व्हायचंय?”

तबस्सुम म्हणाली, “गरिबांसाठी लढायला. पहिली केस आमच्या ओढ्याची.”

“बेटा, ओढा वकीलपत्रावर सही करतो का?”

अख्खा क्लास हसला. सर कारखान्याचेच वकील आहेत, हे आम्हाला नंतर कळलं!

*

माझ्या घरी वेगळीच तऱ्हा. मी म्हणालो, गरिबांचा वकील होणार. वडिलांचा घास हातातच राहिला.

“आरं, त्याला कॉलेज कशाला? गरीब तर तू घरबसल्या बी हुशील!”

*

मॉक टेस्टला प्रश्न आला. कारखान्याचं घाण पाणी विहिरीत उतरलं, जबाबदार कोण? निम्म्या क्लासनं ‘कुणीच नाही’वर खूण केली. सरांनी त्यातल्या गणेशला उभं केलं.

“सर, तक्रार केली की ऊस तोडायला कारखान्याची टोळीच येत न्हाई. ऊस उभ्या उभ्या वाळतो.”

सर खूश! “परीक्षेत चूक, श्रीगोंद्यात बरोबर!”

*

मग मी आणि तबस्सुम एका जुन्या आंदोलनवाल्या काकांकडं गेलो. “पोरांनो, व्यवस्थेशी लढा!” तासभर हेच. शेवटी तबस्सुमनं ओढ्याच्या तक्रार-अर्जावर सही मागितली.

काका चष्मा शोधायला लागले. चष्मा डोळ्यांवरच होता!

असल्या म्हाताऱ्यांनी आम्हाला क्रांती शिकवायची!

*

निकाल लागला. मी आपटलो, ना इंजिनिअर, ना वकील. तबस्सुमचा मात्र सरकारी लॉ कॉलेजात नंबर लागला. गावानं सत्काराला मंडप घातला आणि प्रमुख पाहुणे बोलावले कोण, तर कारखान्याचे चेअरमन! शाल झाली, नारळ झाला. “आपली लेक वकील होणार,” म्हणत त्यांनी माईक तिच्या हातात दिला.

“साहेब, पाच वर्षांनी मी वकील होऊन येईन. तवर ओढ्याचं पाणी असंच काळं राहील का?”

तिचे अब्बा खुर्चीतून अर्धे उठले. त्यांचा ऊस यंदा तोडणीला यायचा होता.

चेअरमन मनापासून हसले.

“ऱ्हायलंच पायजे की! न्हाईतर तू वकील हून करनार काय?”

मंडप हसून लोळला. पहिली टाळी अब्बांची होती.