मोहाखालची हरकत

मी मुळात भित्री बाई. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला वाटायला नको की मी दिल्लीला भिडणारी कुणी धाडसी वगैरे आहे. गल्लीत कुत्रं भुंकलं तरी मी पदर सावरून दुसऱ्या वाटेनं जाते. पण सगळ्यात मोठी भीती आग्या माशांची, आणि तिला कारण आहे.

माझं माहेर सिहोऱ्याकडचं. लहानपणी तिथं एका मयतीला गेलो होतो. आमच्यात बायाही जातात मयतीला. कुणीतरी अगरबत्तीचा अख्खा पुडा पेटवला, धूर वर गेला आणि झाडावरचं आग्या मोहोळ उठलं. लोक तिरडी तिथंच टाकून पळाले. मेलेल्याचा सख्खा भाऊ नाल्यात जाऊन पालथा पडला. मी मोठ्या आईच्या, म्हणजे थोरल्या काकूच्या, लुगड्यात शिरले होते. तिच्या पाठीवर माशा घोंघावत होत्या, तो आवाज मला लुगड्याच्या आतून ऐकू येत होता. मोठी आई वाचली, पण कितीतरी दिवस तिला डोळे उघडता येत नव्हते. तो आवाज मात्र माझ्या कानातून गेला नाही, तो नाहीच गेला.

आणि असल्या बाईच्या घरात ड्रोन यावा! आमच्या बचत गटाला फवारणीचा ड्रोन मिळाला. तो उडवायचं शिक्षण घ्यायला कोण जाणार म्हणून विहारात मीटिंग बसली, तर माझ्या सुनेनं हात वर केला. मुलगा पुण्याला कंपनीत, ही इथं. शिकून आली, लायसन घेऊन आली. पहिल्यांदा तिनं तो बांधीवर, धानाच्या वाफ्यावर, उडवला तेव्हा सगळा एकोडीकडचा रस्ता बघायला थांबला होता. माझी छाती अभिमानानं फुगली होती, खोटं कशाला बोलू. पण पंख फिरायला लागले आणि तो आवाज कानावर आला, तसे मी पदरानं कान झाकले. तस्साच आवाज होता.

आमच्याकडं उन्हाळी धान असतं. त्याची फवारणी सकाळी, वारा पडलेला असताना. आणि त्याच दिवसांत, त्याच वेळेला, बाया मोहफुलं वेचतात. मोहाची झाडं कुठं? तर धुऱ्यावर, त्याच बांध्यांच्या काठाला. आणि आग्या मोहोळ कुठं? त्याच मोहाच्या वरच्या फांदीला. सांगा आता, मला झोप कशी लागावी? ड्रोनच्या वाऱ्यानं पानं उलटीपालटी होताना मी पाहत होते आणि मनात म्हणत होते, आज नाही तर उद्या, पण होणार.

माझी धाकटी जाऊ माझ्याहून शहाणी. तिनं तोड काढली होती. रोज संध्याकाळी ती आमच्या अंगणात यायची आणि सुनेला विचारायची, "उद्या कोणाच्या वावरात जाऊन राहिलीस, पोरी?" सून सांगायची. मग जाऊ दुसऱ्या दिवशी त्या बाजूचा मोह सोडून दुसरीकडं जायची आणि बाकीच्या बायांनाही सांगायची. एवढ्यावर सगळं चाललं होतं. नियम म्हणा, कायदा म्हणा, आमचा एवढाच होता.

एके दिवशी जेवताना सून म्हणाली, "आई, ड्रोनचे नवीन नियम येऊन राहिले. आता नुसता मसुदा आहे. गटाच्या ग्रुपवर आला. ज्याले काही म्हणायचं असन त्यानं मुदतीत लिहून पाठवावं म्हणते."

"ज्याले म्हणजे? तुमच्यासारख्या उडवणाऱ्यांनी नं?"

"नाही वो. कोणीबी. तुम्हीबी."

माझा घास हातातच राहिला. विमानाच्या खात्याला मी लिहायचं? ज्यांची विमानं मी आजवर खालून मान वर करून बघितली, त्यांना? पण भीती अशी चीज आहे की ती माणसाला गप्पही बसवते आणि बोलायलाही लावते. मी हात धुतले आणि तिच्यासमोर बसले. "लिव," म्हटलं, "झाडावर मोहोळ असलं तं ड्रोन उडवायचा नाही."

"असं नाही चालत आई. कोणत्या कलमात घालायचं, नेमकं काय घालायचं, अन् काहून, हे सांगा लागते. आमच्या ट्रेनिंगमधल्या मॅडमनं सांगितलं होतं. नुसतं रागावून लिहिलं तं त्यायले काय समजणार?"

मग तिनं मोबाइलवर मसुदा उघडला आणि मला वाचून दाखवला. अर्धा डोक्यावरून गेला. उडवण्याआधी काय काय तपासायचं ते एका ठिकाणी लिहिलं होतं: वारा, बॅटरी, विजेच्या तारा, माणसं. झाडाचं नाव नाही, माशीचं नाव नाही. "इथं," मी म्हटलं, "इथंच घाल. आजूबाजूच्या झाडावर मोहोळ आहे का ते पाहावं. असलं तं तिकडून लांब राहावं. अन् आदल्या दिवशी गावात सांगावं." का, ते सांगताना मी तिला मयतीची गोष्ट सांगितली. ती लिहीत गेली.

अर्ध्यात तिचं बोट थांबलं. "आई, असा नियम आला तं माहं काम कमी होईन. आपल्याकडं मोहाशिवाय धुरा कुठं आहे?"

"होऊ दे कमी," मी तडकन बोलले. "तुह्या कामापायी माह्या जिवाचं पाणी होऊन राहिलं, ते दिसत नाही का तुले?"

चेहरा उतरला तिचा. पण माझं एक अक्षरही तिनं गाळलं नाही. पाठवलं आणि म्हणाली, "गेलं." स्वतःच्या पोटावर येणारी हरकत स्वतःच्या बोटानं पाठवली पोरीनं. मला तिचं वाईट वाटलं. तरी त्यापेक्षा मोकळंच जास्त वाटलं, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी जावेला सांगितलं. ती टाळी वाजवून म्हणाली, "हरकत टाकली? मंग झालं नं वो बाई! आता काय उडवते!"

तिचं म्हणणं आम्हाला कुणालाच चुकीचं वाटलं नाही. आमच्याकडं हरकत म्हणजे तलाठ्याकडची. फेरफारावर कुणी हरकत टाकली, की निकाल लागेपर्यंत सातबारा जागचा हलत नाही. जावेच्या माहेरची वाटणी एका चुलत्याच्या हरकतीनं अशीच लटकली होती. तो चुलता मेला तरी ती लटकलेलीच होती. तलाठ्याच्या कागदाला एवढी ताकद, तर दिल्लीच्या कागदाला किती असेल! बघता बघता सगळ्या मोहल्ल्यात झालं, ड्रोनवर हरकत पडली, ड्रोन बंद. माझा जीव भांड्यात पडला. सून तेवढे दिवस घरीच होती. बॅटरी दुरुस्तीला साकोलीला दिली होती म्हणून घरी होती, पण मला वाटलं, थांबली.

आणि जावेनं संध्याकाळी येऊन विचारायचं सोडलं. बंद पडलेल्या गोष्टीची चौकशी कशाला करायची? सुनेला वाटलं, काकू आपल्यावर नाराज आहे. तीही बोलली नाही. एका घराण्यातल्या बाया आम्ही, एकमेकींच्या चुलीवरचा चहा पिणाऱ्या, आणि कुणी कुणाला विचारलं नाही.

त्या सकाळी सून मी उठायच्या आतच बाहेर पडली होती; बॅटरी दुरुस्त होऊन आली, हे मला मागाहून कळलं. मी टोपली घेऊन जावेच्या मागून निघाले होते. ती पुढं पोचली होती, मोहाखाली वाकून फुलं वेचत होती. मी अजून दोन बांध्या अलीकडं असेन. पळसाच्या झुडपापलीकडून तो आवाज आला.

आधी मला वाटलं, माझ्याच कानातला आहे. मग ड्रोन झुडपावरून वर आला, मोहाच्या दिशेनं वळला आणि फांद्या हलायला लागल्या. सून पलीकडच्या धुऱ्यावर. तिला झुडपाआडची काकू दिसत नव्हती. मी ओरडले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. वरच्या फांदीवरचं ते काळं पोळं आधी थरथरलं, मग सुटलं. कढईत तेल तडतडावं तसा आवाज झाला आणि झाडाखालचा उजेड कमी झाला.

जाऊ पळाली. पळायचं नसतं, खाली पडून तोंड झाकायचं असतं, हे तिनंच आम्हाला शिकवलं होतं. पण पळाली. आणि मी? मी उभी राहिले. पायच हलेना. माय वो, माय वो, एवढंच तोंडातून येत होतं. माझ्या डोळ्यांसमोर माझी जाऊ डोक्यावर हात मारत बांधीत पडली आणि मी टोपली छातीशी धरून उभी होते.

सुनेनं किंकाळी ऐकली असावी. तिनं ड्रोन मागं ओढला, खाली टेकवला आणि ज्या ताडपत्रीवर ती सामान मांडते ती ओढत धावत आली. काकूवर ताडपत्री टाकली, आपणही आत शिरली आणि दोघी चिखलात पडून राहिल्या. ताडपत्रीवर माशांचा थर बसला होता. तो हलत होता. खाली माणसं हलत होती की नाही, ते मला दिसत नव्हतं. तेवढा वेळ मी पुन्हा मोठ्या आईच्या लुगड्यात होते. आयुष्यात दुसऱ्यांदा.

साकोलीच्या दवाखान्यात जावेला सलाईन लावलं. तोंड एवढं सुजलं होतं की ती आहे हे मी बांगड्यांवरून ओळखलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं. सुनेचा एक डोळा मिटला होता, हात सुजून टम्म झाले होते. जावेला शुद्ध होती. ती माझ्या दिशेनं तोंड करून म्हणाली, "बाई, हरकतीनं तं बंद झालं होतं नं?"

"काय बंद झालं?" सुनेनं विचारलं.

मी सांगितलं. ती माझ्याकडं त्या एका डोळ्यानं बघत राहिली. "आई, ते तलाठ्याचं नाही वो! ते सगळ्यायचं म्हणणं वाचतीन, मंग ठरवतीन. घेतीन, नाही घेतीन. कधी, ते मलेबी माहीत नाही. तवरक काहीच थांबत नाही."

"मंग आमाले विचारता कायले?" मी ओरडलेच. वॉर्डातल्या बाया वळून बघायला लागल्या. कुणावर ओरडले देव जाणे. राग काढायला समोर कुणीच नव्हतं.

सून शांतपणे म्हणाली, "विचारते म्हणून तं सांगता येते, आई." आणि सुजलेल्या बोटांनी तिनं मोबाइल काढला. मुदत अजून होती. तिनं स्वतःचं म्हणणं लिहिलं. मी ड्रोन चालवते, झाडाखालची बाई मला दिसली नाही, दिसावी असा नियम मला पाहिजे. त्या वेळी तिला माझ्या सांगण्याची गरज पडली नाही.

जाऊ घरी आली. सुनेची सूज उतरली. आणि फोन सुरू झाले, कारण धान काही कुणासाठी थांबत नाही. तळ्याखालच्या मोठ्या शेतकऱ्याचा फोन आला तेव्हा मी शेजारीच बसले होते. सून म्हणाली, "काका, तुमच्या धुऱ्यावर मोहोळ आहे. मोह संपू द्या, मंग येतो. नाही तं तेवढी बाजू पाठीवरच्या पंपानं मारा." पलीकडून काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. तिनं फोन ठेवला आणि भाजी निवडायला घेतली. "काय म्हणला?" मी विचारलं. "बघतो म्हणला," ती म्हणाली.

मला बरं वाटलं. नियम येईल तेव्हा येईल, उडवणारी तर आपल्याच घरात आहे, ती ऐकते, आणखी काय पाहिजे? त्या रात्री मी गाढ झोपले.

सकाळी उठले. सून चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. ड्रोनची पेटी कुलूप लावून कोपऱ्यात होती. जाऊ, अजून गालावर काळे डाग असलेली, आता भीती नाही म्हणत टोपली घेऊन मघाशीच तळ्याकडं गेली होती. "पोरगी घरीच आहे नं," असं दारातून बघून, हसून गेली होती.

मी चहाची कपबशी तोंडाला लावली आणि तळ्याकडून आवाज आला.

मी सुनेकडं पाहिलं. ती माझ्यासमोर बसली होती, दोन्ही हात पिठात. आवाज वाढत होता. पिठाच्या हातांनीच ती उठली.

"त्या काकानं दुसऱ्या गावचा ड्रोन बोलावला, आई," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी तशाच अनवाणी तळ्याकडं धावलो.