नटवलेली विहीर

साहेब लोक विहिरीचं पाणी तपासायला येणार म्हणून मी आदल्या दिवशी विहीर धुऊन काढली. आज हे लिहितानाही स्वतःच्या कानाखाली एक द्यावीशी वाटते. त्या दिवशी मात्र मी स्वतःवर लय खूश होते. तेव्हा मी केस काळे करायची. डोक्याची सगळी मेहनत वरूनच चालायची, आत काय चाललंय ते बघायला फुरसत नव्हती.

आमचं घर शेतातच, ताडकळसजवळ, ओढ्याच्या काठाला. ओढ्याच्या वरच्या अंगाला साखर कारखाना. मळीपासून अर्क काढायचं काम त्यांनी नव्यानं सुरू केलं आणि त्या हिवाळ्यात ओढ्याला काळपट पाणी यायला लागलं. मग आमची विहीरही चहासारखी झाली. बादली वर यायच्या आधी सडक्या गुळाचा वास वर यायचा.

सून पहिल्या बाळंतपणाला जिंतूरकडे माहेरी गेलेली. बारसं झालं, मी इकडं पाळणा बांधून ठेवला, पण ती यायचं नाव घेईना. ती मला मामी म्हणते. फोनवर म्हणाली, "मामी, त्या पाण्यानं बाळाला न्हाऊ घालू का? पाणी नीट होऊ द्या, मग येते." चुकीचं काय बोलली? नातू मला फोटोतच दिसायचा. फोटोतल्या पोराच्या गालाला हात लावला की फोन भलतंच काहीतरी उघडायचा.

मुलगा म्हणाला, "माय, मी तकरार दिलीय. ज्याच्या पाण्यानं खराबी झाली, त्यानंच ती निस्तरायची, असा कायदा हाय. पण खराबी त्याचीच हे आधी ठरावं लागतं. उद्या प्रदूषण मंडळाचे साहेब पाण्याचा नमुना घ्यायला येणार हायत."

एवढ्या लांबलचक बोलण्यातलं माझ्या कानात एकच शिरलं : साहेब येणार. मुलगी बघायला पाहुणे येणार म्हटल्यावर आपण काय करतो? जोतं सारवतो, पोरीला हळद लावतो, फाटकी चादर लपवतो. मीही तेच केलं. मुलगा कामाला बाहेर पडला, तशी मोटार लावून विहीर तळाला नेली. शेजारणीला हाताशी घेऊन कडेचं शेवाळ घासलं. झऱ्याचं नवं पाणी साठायला लागलं, तशी तुरटी फडक्यात बांधून दोरीनं आत फिरवली, वरून ब्लिचिंग पावडर. शेजारीण म्हणाली, "अगं, लेकीला बी एवढं नटवलं नव्हतंस!" मी हसले. चारचौघांत इज्जत राखली म्हणून हसले.

दुसऱ्या दिवशी ओढ्याला काळं पाणी नव्हतंच. कसं नव्हतं, ते कारखान्याला ठाऊक. म्हणजे दाखवायला उरली होती आमची विहीर. साहेबांनी स्वतः बादली सोडली, बाटली भरून उन्हात धरली. "मावशी, पाणी तर बरं दिसतंय."

"मग! आमच्यात घाण खपत न्हाई," मी पदर सावरत म्हणाले. वर चहाचा आग्रह केला.

मुलगा गावकऱ्यांबरोबर ओढ्यावर वाट बघत उभा होता. तो परतला तेव्हा जीप गेली होती. त्यानं चिखल झालेलं रान बघितलं, दोरीवर वाळायला घातलेलं तुरटीचं फडकं बघितलं आणि विहिरीच्या कठड्यावर मटकन बसला. "काय केलंस माय हे?" एवढंच म्हणाला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

अहवाल आला : पाणी मर्यादेत. तोवर विहीर पुन्हा चहा झालेली. मुलानं दुसऱ्या तपासणीसाठी अर्ज केला, परभणीच्या कचेरीत सुनावणीला बोलावणं आलं. कारखान्याचं उसाचं गाळप संपायला आलं होतं. हंगाम संपला की वरून येणारं पाणी थांबणार, मग ते आलं कुठून हे कोण सिद्ध करणार? रात्रंदिवस तोच घोर. जेवताना घास तोंडातच फिरायचा.

साहेबांपुढं मी सगळं सांगितलं. मोटार, तुरटी, पावडर. कारखान्याचा वकील लगेच उठला. "म्हणजे विहिरीत रसायन यांनीच टाकलं! मग पाणी बिघडायला कारखाना कसा जबाबदार?"

हे मला सुचलंच नव्हतं. आता माझंच नाव लिहितात की काय? तरी तोंड कुठं गप्प बसतंय! "साहेब, मी विहिरीचं तोंड धुतलं. काळं करणारा दुसराच हाय."

सगळे हसले. वकीलही हसला. मला तेवढं हसू आलं नाही.

"पुन्हा नमुने घेऊ," साहेब म्हणाले. "पण कधी येऊ ते सांगणार नाही."

त्यानंतर रस्त्यावर जीप वाजली की मी दारात. विहिरीच्या जवळूनही जाईना. नुसतं बघून काही बिघडवीन असं वाटायचं. शेवटी एका दुपारी आले. कारखान्याची चिमणी अजून धूर सोडत होती. ओढा, विहीर आणि कारखान्याचं पाणी बाहेर पडतं ते तोंड, तिन्हीकडून बाटल्या भरल्या. मी चहासुद्धा विचारला नाही.

या वेळी निकाल कारखान्याच्या विरोधात गेला. पाणी शुद्ध करायची व्यवस्था दुरुस्त करा, आणि विहिरी निवळेपर्यंत काठच्या घरांना स्वतःच्या खर्चानं पिण्याचं पाणी पुरवा, असा हुकूम झाला. पहिला टँकर दारात आला, तसा मी पाइपातून हंडा भरायच्या आधी सुनेला फोन लावला. "पोरी, कारखान्याचा टँकर सुरू झाला! विहीर निवळंल तवा निवळंल. तू पिशवी भर, ये बाळाला घेऊन."

पलीकडं नातू रडत होता. मग सून म्हणाली, "मामी, टँकर कारखान्याचाच ना? मग त्यातलं पाणी कुठलं हाय, ते कुणी तपासलं?"