नवऱ्याची खरेदी आणि आईचा मुक्काम

आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा नवऱ्याने घरात न्हाव्याची खुर्ची आणली. संध्याकाळी बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर हा आणि टेम्पोवाला दोघं मिळून ती वर चढवत होते. कोपरखैरण्यातलं एक जुनं सलून बंद होणार होतं, आणि हा नेमका तिथे दाढी करायला गेला होता. पायाने दांडा दाबला की खुर्ची वर जायची, दुसरीकडे दाबला की हळूहळू श्वास सोडल्यासारखी खाली यायची. मी विचारलं, "कशाला आणली?" तो म्हणाला, "आवडली म्हून आनली."

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. आमच्याकडे ताप आला म्हटलं की कशाने आला ते शोधतात. नुसता 'आला' म्हणून कोणी रिपोर्ट देत नाही. त्यामुळे हे उत्तर माझ्या पचनी पडलं नाही. मी त्या दिवसापासून या माणसाच्या मागे लागले आहे, म्हणजे त्याच्या नव्हे, त्या 'आवडली'च्या मागे.

खुर्चीनंतर शाळेची पितळी घंटा आली. मग कुठल्याशा हॉटेलच्या पाटीवरचा दिव्यांचा बाण आला. तो लावला की 'इकडे या' म्हणत आमच्या संडासाकडे पळायचा. मग भंगारात निघालेल्या एस.टी.चं दोघांचं सीट आलं. पाठीच्या पत्र्यावर 'महिलांसाठी राखीव' तसंच होतं. ते इतकं जड होतं की एकदा गॅलरीत ठेवलं ते ठेवलं. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हौसेला जागा लागते, हे कोणी सांगत नाही. आमच्या घरातली मागची खोली हळूहळू या वस्तूंची झाली, आणि आम्ही तिघं, म्हणजे मी, तो आणि आमची लेक, उरलेल्या घरात राहू लागलो.

कारण शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. स्वस्तात मिळतं म्हणून घेत असेल, असं वाटलं. पण हा भावच करत नाही. लिफ्टच्या देखभालीचं काम करतो, तेव्हा दुरुस्तीचा नाद असेल म्हणावं, तर मोडकी वस्तू मोडकीच राहू देतो. लहानपणी काही मिळालं नसेल, अशी शंका आली म्हणून मी सासूबाईंना गाठलं. नवरा कोपरखैरण्याशेजारच्या बोनकोडे गावचा, इथलाच. बिल्डिंगही घरचीच, सासूबाई खालच्या मजल्यावर दिरांकडे असतात. त्या मासे साफ करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्याला काय कमी व्हतं गो? दोन सायकली व्हत्या त्याच्या." तोही रस्ता बंद झाला. पदरी पडलं पवित्र झालं, असं म्हणून मी गप्प बसायचे आणि पुढची वस्तू आली की पुन्हा विचारायचे.

गेल्या वर्षी आई परसात पडली तेव्हा मात्र ही सगळी मौज एका दिवसात संपली.

आई साताऱ्याकडच्या आमच्या गावी एकटी असते. वडील वाशीच्या मार्केटमध्ये माथाडी होते. माझं सगळं लहानपण कोपरखैरण्याच्या चाळीत गेलं, आईचंही अर्धं आयुष्य इथेच. वडिलांनी काम सोडल्यावर दोघं गावी गेले, आणि वडील गेल्यावर आई तिथेच राहिली. मला भाऊ नाही. ती पडली, हात मोडला, आणि शेजारणीला दिसेपर्यंत तशीच मातीत बसून राहिली. हे ऐकलं आणि आता आईने आमच्याकडेच राहायचं, हे मी ठरवलं. नवराही लगेच हो म्हणाला. फक्त आईला ते मान्य होणं बाकी होतं.

आमच्याकडे लेकीच्या घरी आईबापाने राहणं बरं समजत नाहीत. चार दिवस पाहुणचाराला ठीक, मुक्काम नाही. आईचं तर त्याहून कडक. माझ्या बाळंतपणातसुद्धा ती आली ती स्वतःचं ताट-वाटी घेऊन. जावयाचा शब्द मोडायचा नाही, जावयासमोर मोठ्याने बोलायचं नाही आणि लेकीच्या घरातली वस्तू आपल्यामुळे इकडची तिकडे होऊ द्यायची नाही, हे तिचे कायदे. ते मला पाठ होते, म्हणूनच जे झालं त्याचं मला जास्त वाईट वाटतं.

कारण आम्ही तिच्यासाठी मागची खोली रिकामी केली. नवऱ्याने कुरकुर न करता सगळं सामान दिरांच्या गाळ्यात नेऊन ठेवलं. भिंतींना रंग दिला, नवा पलंग आणला, खिडकीला पडदा लावला. खोली इतकी छान दिसू लागली की मी स्वतःवरच खूश झाले. हाताला प्लास्टर घेऊन आई आली, तिने खोलीकडे पाहिलं, पलंगाच्या अगदी काठावर टेकली आणि म्हणाली, "बरी हाय." तेवढ्यात आमची लेक म्हणाली, "आजी, इथे बाबांचं सगळं होतं. तुझ्यासाठी काढलं."

त्या दिवसापासून आई त्या घरात अशी राहू लागली की कोणाला ऐकू जाऊ नये. नळ सोडायची तो करंगळीएवढ्या धारेचा. भर दुपारी पंखा बंद करून बसायची. खोकला आला तर तोंडात पदर धरायची. मागच्या खोलीला ती 'पाव्हन्यांची खोली' म्हणायची आणि झोपण्यापुरती तिथे जायची. सोफ्यावर कधी बसली नाही. बसायची ती गॅलरीतल्या एस.टी.च्या सीटवर, खिडकीकडच्या बाजूला, मांडीवर पिशवी घेऊन. आयुष्यभर तसल्याच सीटवर बसून ती गावाला जात-येत होती, त्यामुळे तेवढी एकच जागा तिला आपली वाटत असावी. नवरा कामावरून आला की गॅलरीच्या दारातून विचारायचा, "आई, गारी कुठवर पोचली?" आई पदर सावरून हळूच म्हणायची, "आजून सुटलीच न्हाई."

प्लास्टर निघालं आणि आईने जायचं काढलं. मी सगळे उपाय केले. समजावलं, चिडले, रडले. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माज्यापायी जावयाच्या घरातलं सामान भायेर पडलं. बरं दिसत न्हाई ते." मी म्हणाले, "अगं, ते भंगार आहे." ती म्हणाली, "तुला भंगार. त्यांच्या आवडीचं हाय." इतकी वर्षं मी ज्या प्रश्नाच्या मागे होते, तो आईने प्रश्न म्हणून पाहिलाच नव्हता. एखाद्याला एखादी गोष्ट आवडते, एवढं तिला पुरेसं होतं.

सोमवारच्या सकाळच्या गाडीचं तिकीट झालं. रविवारी नवरा म्हणाला, "आई, जरा पाय मोकले करून येऊ, चला." तो कुठे निघाला होता ते मला माहीत होतं. तळवलीच्या पुढे, ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून, बंद पडलेल्या कारखान्यांचं सामान विकणाऱ्यांच्या वखारी आहेत. तिथे त्याची दर महिन्याला एक फेरी असते. आईला खरं तर पिशवी भरायची होती, पण जावयाचा शब्द. ती चपला घालून उभी राहिली. लेकीला खाली सासूबाईंकडे सोडून मीही गाडीत बसले. मी तिथे कधी गेले नव्हते. आईसोबत उरलेला एक दिवस घालवायचा म्हणून गेले, असं मी सांगते. पण नवरा वस्तू घेतो तेव्हा नक्की काय होतं, हे एकदा डोळ्यांनी बघायचं होतं, हेही खरं.

वखारीत लोखंडाचे ढीग होते. नवरा पंख्यांजवळ थांबला नाही, मोटारींजवळ थांबला नाही. चांगल्या, धडधाकट वस्तूंकडे त्याने पाहिलंही नाही. मी मागे मागे चालत होते. मग एका ढिगाजवळ तो एकदम उकिडवा बसला. कसलंसं भोकाभोकांचं पितळी भांडं होतं, त्याला दोन कान आणि बुडाला एक दांडा. त्याने ते फिरवलं, कानाशी नेलं, वास घेतला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "काय असंल गो हे?" मी म्हणाले, "मला काय माहीत?" तो म्हणाला, "मना पन नाय." आणि त्याचा चेहरा असा उजळला की आमच्या साखरपुड्यालाही तसा उजळला नव्हता.

मग माझ्या लक्षात आलं. ज्याचं उत्तर त्याला येत नाही, तिथे हा थांबतो. खुर्ची वर कशी जाते, बाण कसा पळतो, या कोड्यासाठी त्याला ती वस्तू सोडवत नाही. आमच्या घरात मी एकटीच प्रश्न विचारणारी आहे, असं मी समजत होते. मला त्याचा फार लोभ वाटला, आणि थोडा रागही आला, कारण हे त्याला दोन वाक्यांत सांगता आलं असतं. ते भांडं त्याने खाली ठेवलं. मी विचारलं, घेत नाहीस का? तो आईकडे बघत हळूच म्हणाला, "आता नको." तेवढ्यात मागून आवाज झाला.

पहिल्यांदा तो कण्हल्यासारखा आला, मग चढत गेला, आणि मग सगळी वखार त्याने भरून गेली. काम करणारी माणसं हातातलं टाकून बघू लागली. रस्त्यापलीकडचं कुत्रं भुंकायला लागलं. आम्ही वळून पाहिलं. लोखंडी पायांवर एक हाताने फिरवायचा भोंगा उभा होता, पूर्वी कारखान्यात धोक्याची सूचना द्यायला असायचा तसला, आणि त्याचा दांडा आई फिरवत होती. न मोडलेल्या, धडक्या हाताने. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता, त्याचं तिला भान नव्हतं.

ती थांबली. आवाज हळूहळू खाली आला. मला वाटलं, आता ही लाजेने मेल्याहून मेली होणार. जावई समोर, चार परके पुरुष समोर. तिने आमच्याकडे पाहिलं, पदर डोक्यावर घेतला, आणि पुन्हा दांडा धरला.

दुसऱ्या वेळी तिने तो आणखी जोरात वाजवला. आणि ती हसत होती. वडील गेल्यापासून आई अशी दात दिसेस्तोवर हसलेली मी पाहिली नव्हती. मी तिथेच उभी राहिले. तिच्याजवळ जावं की नाही, ते मला कळेना.

वखारवाल्याने जवळ येऊन आकडा सांगितला तसा नवरा खिशात हात घालू लागला. आईने त्याला हातानेच थांबवलं. कमरेचा बटवा काढला, पाठमोरी झाली, नोटा काढून वखारवाल्याच्या हातावर ठेवल्या. भाव केला नाही. म्हणजे जिने जन्मभर कोथिंबिरीची जुडीसुद्धा तीन गाड्यांवर विचारून घेतली, तिने भाव केला नाही. मी विचारलं, "आई, हे कशाला?" ती म्हणाली, "वाजतोय बघ की कसा."

नवऱ्याने आणि एका माणसाने मिळून भोंगा गाडीच्या डिकीत ठेवला. झाकण लागेना म्हणून दोरीने बांधलं. आई मागे बसली. गाडी रस्त्याला लागली. आईचं सकाळचं तिकीट माझ्या पर्समध्ये होतं. मी न राहवून म्हणाले, आणि म्हणताना आवाज जरा चिरकलाच, "हे धूड एस.टी.त कसं न्यायचं? कंडक्टर चढू देईल का? आणि गावाला नेऊन तू वाजवणार कुठे?"

"गावाला कशाला?" आई म्हणाली. "माज्या खोलीत ऱ्हाईल."

मी मागे वळले नाही. वळले असते तर मी रडताना तिला दिसले असते, आणि मग ती पुन्हा पदर सावरून हळू आवाजात बोलू लागली असती. नवऱ्याने मात्र काही विशेष ऐकलंच नाही असा चेहरा ठेवला. सिग्नलला गाडी थांबवली आणि आरशातून मागे बघत विचारलं, "आई, पलंगाजवल ठेवू का खिरकीजवल?"

आईने थोडा विचार केला.

"खिडकीपाशी ठिवा," ती चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली. "लांबवर ऐकू जाईल."