गिचुकीबाबांची प्रार्थना आणि उपाशी वीट

एबुरूच्या डोंगरावर गिचुकीबाबांना जेवणाआधी प्रार्थना सांगा, असं कुणी म्हणत नसे. एकदा एका लग्नात कुणीतरी म्हटलं होतं. बाबा आदमपासून निघाले, नोहाच्या तारवात बराच वेळ रेंगाळले आणि वधूच्या बापापर्यंत पोचेतो मटणावर चरबीची साय धरली होती.

छापखान्यातली सकाळची प्रार्थना मात्र त्यांचीच. तिथं काही थंड व्हायची भीती नव्हती, आणि कामही असं होतं की देवाशी जरा सविस्तर बोलायलाच हवं.

त्या छापखान्यात कागद नाही, विटा छापत. बाबांचं यंत्र म्हणजे एक मोठा सोऱ्याच. त्यातून प्लास्टिकच्या जातीच्या लगद्याची केसासारखी बारीक शेव पडे, आडवी-उभी, थरावर थर, आणि पावाएवढी जाळीदार वीट उभी राही. लगद्यात मीठ मळलेलं असे. वीट धुतली की मीठ निघून जाई आणि जिथं कण होता तिथं भोक उरे. मग तिला डोंगरातून येणाऱ्या वाफेच्या नळांवर तापवायचं, म्हणजे पोटात आधीचं काही असेल ते बाहेर पडून ती पुरती उपाशी होते. उपाशी वीट हवेतला कार्बन डायऑक्साइड तेवढा वेचून खाते आणि बाकीची हवा सोडून देते.

याआधी उमेदीची सगळी वर्षं बाबांनी मटाटू म्हणतात त्या भाड्याच्या प्रवासी गाड्यांवर सिंह रंगवण्यात घालवली होती. भट्टी सांभाळणारी न्योकाबी म्हणे की त्यांचे सिंह पाद्रीबुवांसारखे दिसतात, गाडीत बसलं की पापं आठवतात. सिंहाचा धंदा बसला तेव्हा बाबा छापखान्यात आले. पहिल्याच दिवशी तिथल्या इंजिनिअर जेरोप मॅडमनी त्यांना भिंगाखाली विटेचा तुकडा दाखवला. भोकात भोक, त्या भोकात आणखी भोकं.

"मॅडम, हे संपतं कुठं?" बाबांनी विचारलं.

"लवकर नाही संपत, बाबा. आतल्या भिंती उलगडून अंथरल्या तर फुटबॉलचं मैदान झाकून उरतील."

"मैदान," बाबा म्हणाले. "या पावात."

त्यानंतर ते बराच वेळ गप्प बसले. गिचुकीबाबा गप्प बसलेले कुणी पाहिले नव्हते, त्यामुळं न्योकाबीनं त्यांना आधी पाणी दिलं, मग साखर.

त्या दिवसापासून बाबा त्या विटेचे झाले. चर्चमध्ये, बाजारात, न्हाव्याकडं, सगळीकडं एकच विषय. लोक त्यांना 'हवावाले' म्हणू लागले. "हवावाले, जरा इकडची धरा, फार सुटलीय," असं म्हणून पोटावर हात फिरवणारेही होते. बाबा हसत. वीट बोलेल, म्हणत.

वीट बोलेना. ती काचेच्या नळकांड्यात ठेवून एका बाजूनं हवा सोडायची. दुसऱ्या बाजूनं निघणाऱ्या हवेत तो वायू कमी झाला की काटा खाली घसरणार. काटा ढिम्म. दुसरी वीट छापली, तिचाही ढिम्म. जेरोप मॅडमनी मीठ बदललं, उष्णता वाढवली, झोप सोडली. छापखान्याला पैसा पुरवणारे पाहुणे पाहायला येणार होते, आणि त्यांच्यासमोरही काटा हलला नाही तर यंत्र खोक्यात भरून दुसऱ्या देशात जाणार, हे ठरलेलं होतं. बाबांना पोटाची काळजी नव्हती, सिंह कुठंही रंगवता आले असते. पण ते मैदान आत पाहून आल्यावर पुन्हा पत्र्यावर आयाळ काढायची, या विचारानं त्यांना घास जाईना.

मग त्यांनी आपल्याकडचा उपाय केला. प्रार्थना वाढवली.

डोंगरावरचा वारा बोचरा, म्हणून दारं-खिडक्या बंद. सगळे नळकांड्याच्या खोलीत खांद्याला खांदा लावून, डोळे मिटून उभे. मध्ये बाबा, पहिल्या विटेपासूनची रीत म्हणून दोन्ही हातांत ताजी तापवून निवलेली वीट, बाप्तिस्म्याच्या बाळासारखी ओठांपाशी धरलेली. आदम, नोहा, अब्राहाम, मग सगळे राजे ओळीनं. काटा हलत नसे, म्हणून दुसऱ्या दिवशी बाबा संदेष्टेही घेत.

"बाबा," न्योकाबी एकदा म्हणाली, "प्रार्थना सुरू झाली तेव्हा फडकं ओलं होतं माझं. आमेनला कडक वाळलेलं."

"श्रद्धा ठेव, मुली."

"ठेवलीय. कंबर टेकायला जागा नाही."

अशात बाबांच्या पुतणीचं लग्न ठरायचं आलं. मुलाकडून किती शेळ्या घ्यायच्या, यावर आमच्याकडं म्हणींतून भांडावं लागतं, आणि मुलीच्या बाजूनं भांडायला गिचुकीबाबांइतका लायक माणूस कोण? शेळ्या मनासारख्या मिळाल्या, पण घसा पार बसला. कामावर आले तर तोंडातून नुसती फुसफुस. प्रार्थना कोण सांगणार? सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं, क्षणभर माना लववल्या आणि जेरोप मॅडमनी वीट नळकांड्यात सरकवली.

काटा घसरला. खाली, खाली, आणि तळाशी जाऊन बसला.

"देवाला एकदाची विश्रांती मिळाली," न्योकाबी म्हणाली. सगळे हसले. बाबाही हसले, पण त्यांचा चेहरा पाहून जेरोप मॅडमचं हसू विरलं. बाबांनी खडूनं फरशीवर लिहिलं : माझी प्रार्थना त्याला नको होती.

मॅडम त्या अक्षरांकडं पाहत राहिल्या. मग बंद दाराकडं, बंद खिडक्यांकडं, आणि मग त्यांनी कपाळावर हात मारला.

"बाबा, आपण श्वासातून काय सोडतो?"

बाबांनी खांदे उडवले.

"तोच वायू. एवढी माणसं, बंद खोली, आणि तुम्ही तिच्या तोंडाशी. ती आपल्यालाच खात होती. नळकांड्यात जाईपर्यंत पोट भरलेलं. मीही रोज डोळे मिटून तिथंच उभी."

बाबांनी तोंडावर हात धरला, जणू आता श्वासही जपून सोडायला हवा.

पाहुणे आले तोवर आवाज परतला होता. त्यांच्याबरोबर जिल्ह्याचे एक साहेब होते. वारा आत येतोय म्हणून त्यांनी स्वतःच दार लावलं आणि म्हणाले, "प्रार्थनेशिवाय शुभकार्य कसं होईल? बाबा, तुम्हीच सांगा. सावकाश."

जेरोप मॅडमनी त्या बंद दाराकडं पाहिलं. प्रार्थनेला नाही म्हणणारं माणूस अजून आमच्या डोंगरावर जन्मलेलं नाही. सगळे जवळ सरकले. बाबांनी सवयीनं वीट उचलली, मग हात लांब केले, तोंड भिंतीकडं वळवलं.

"देवा, तुला ठाऊकच आहे. आमेन."

आणि वीट नळकांड्यात. साहेब डोळे मिटून नोहाची वाट पाहत राहिले. त्यांनी डोळे उघडले तेव्हा काटा तळाला टेकला होता आणि पाहुणे एकमेकांचे हात दाबत होते. यंत्र इथंच राहणार, असं त्यांतल्या म्हाताऱ्या बाईंनी सांगितलं तेव्हा बाबा खोलीत नव्हते.

ते दाराला टेकण म्हणून लावलेली जुनी वीट घेऊन आले. संदेष्ट्यांच्या दिवसाची, सगळ्यांत लांब प्रार्थनेची. मॅडमना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी ती बंद भांड्यात वाफेवर ठेवली आणि भांड्याची नळी चुन्याच्या निवळीत सोडली. थोड्या वेळानं वीट खाल्लेलं बाहेर टाकू लागली, बुडबुडे आले. निवळी धुरकटली, मग गढूळली, मग दुधासारखी पांढरी झाली.

साहेबांनी टोपी काढली.

"हे काय आहे, बाबा?" म्हाताऱ्या बाईंनी विचारलं.

"आम्ही आहोत," बाबा हळूच म्हणाले. "अब्राहामपासून पुढं."

"त्यातली निम्मी माझी जांभई आहे," न्योकाबी म्हणाली आणि डोळे पुसून भट्टीकडं वळली.